गावठी अंश

पाकिटं एकतीस होती. खाकी कागदाची, प्रत्येकावर तारीख, जागा, जमिनीपासूनची उंची आणि आत काय आहे त्याची एका ओळीची नोंद. जननीच्या राईतून नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशा चार महिन्यांत मेहनाजने चिमट्याने उचललेली एकतीस पिसं. त्यांतली दोन भारद्वाजाची निघाली. तीन इतकी भिजून-वाळून गेली होती की मुळाशी डीएनए उरलाच नव्हता. राहिली सव्वीस. ती सव्वीस पिसं सतरा पाखरांची होती, अकरा नर आणि सहा माद्या. याखेरीज वहीत पहाटेच्या आरवण्याच्या दोनशे बारा नोंदी होत्या आणि डोळ्यांना पाखरू दिसल्याच्या अठ्ठ्याण्णव. वहीच्या पहिल्या पानावर कामाचे नियम लिहिलेले होते. त्यातला चौथा असा होता : 'गावठी कोंबडे दिसल्यास मोजू नयेत.'

हा नियम मेहनाजने स्वतःच घालून घेतला होता. तिला रानकोंबडे मोजायचे होते. राखाडी अंगाचे, मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळे ठिपके असलेले, सह्याद्रीच्या रानातले. गावठी कोंबडे मोजायला राईपर्यंत कशाला जायचं? ते तिच्या घरी पिंजऱ्यांत दीडशे होते. भोरच्या बाजारपेठेमागे तिच्या वडिलांचा, मुबारकभाईंचा, गावरान कोंबड्यांचा धंदा होता. एमएस्सी करून मुलगी पुण्याच्या प्रयोगशाळेत संशोधनाला लागली तेव्हा ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या मेहनाजनं पण कोंबड्यांचंच काम धरलंय. फक्त ती विकत नाही."

राई वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पाठीमागच्या उतारावर होती. जननीदेवीच्या नावाने राखलेलं बारा एकरांचं दाट रान. त्यातून काडी उचलायची नाही असा दंडक. पण काडी न उचलणं वेगळं आणि पाखरू न मारणं वेगळं. राईखालच्या गावातल्या चिमाजीबाबांच्या वडिलांनी याच राईत फासे लावून रानकोंबडे धरले होते आणि त्यांच्या मानेची पिसं व्यापाऱ्याला विकली होती. परदेशात मासे धरायच्या गळाला ती लावतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. वडील गेल्यावर चिमाजीबाबांनी घरातले सगळे फासे चुलीत घातले. त्याला आता पस्तीस वर्षं झाली होती. तेव्हापासून सदुसष्ट वर्षांचा हा माणूस रोज पहाटे राईत एक फेरी मारायचा, आणि राईत फासा लावणाऱ्याला नुसतं बघून पळवून लावायचा.

म्हणूनच शेफालीमॅडमनी ही राई निवडली होती. मॅडम मेहनाजच्या मार्गदर्शक. रानकोंबडा आणि पाळीव कोंबडी ही चुलत भावंडं आहेत, जवळ आली की त्यांची पिलं होतात, आणि त्यामुळे रानातला कोंबडा हळूहळू रानातला राहत नाही, हे त्यांना अख्ख्या सह्याद्रीत मोजायचं होतं. मोजायला माप हवं. जिथलं पाखरू निखळ आहे अशी एक जागा हवी. पस्तीस वर्षं राखलेली राई यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार?

"म्हंजी आमची पाखरं ती मापाची पाखरं?" चिमाजीबाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"हो बाबा. बाकी सगळी यांच्याशी ताडून बघायची."

ते ऐकून त्यांनी बायकोला, साळूबाईंना, हाक मारली होती आणि चहात दूध जास्त घालायला सांगितलं होतं. मग मेहनाजने छापील प्रश्नावली काढली. गावातल्या कोंबड्या रानात जातात का? चिमाजीबाबा म्हणाले, "आमच्या कोंबड्या दारात असत्यात. राईत कशाला जातील? गावापासनं दीड कोस हाय." मेहनाजने 'नाही'च्या चौकोनात बरोबरची खूण केली.

निकाल पुढच्या मार्चमध्ये आला.

संगणकावर सतरा पट्ट्या होत्या, एका पाखराची एक. निखळ रानकोंबडा म्हणजे पूर्ण राखाडी पट्टी. गावठी अंश असला तर तेवढा भाग तांबडा. ताडून बघायला दक्षिणेतल्या जंगलांतल्या रानकोंबड्यांची आणि संग्रहालयातल्या शंभर वर्षं जुन्या कातड्यांची माहिती होती. एक टक्क्याच्या आतला आकडा शून्यच धरायचा, कारण तेवढी चूक मोजण्यातच होते, असं ठरलेलं होतं.

एकही पट्टी पूर्ण राखाडी नव्हती.

मेहनाजने पहिल्यांदा रंग उलटे लागले असं समजून फाईल बंद करून पुन्हा उघडली. मग आकड्यांचा तक्ता काढला. सगळ्यांत कमी गावठी अंश सहा टक्के, सगळ्यांत जास्त एकतीस. सरासरी चौदा. एकतीस टक्केवाला नर म्हणजे पाकीट क्रमांक नऊ, देवळाच्या दगडी गडग्यावर रोज उभा राहणारा. त्याला चिमाजीबाबांनी 'पाटील' असं नाव ठेवलं होतं.

शेफालीमॅडमनी तक्ता बघितला, चष्मा काढला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "मेहनाज, तुझ्या घरी कोंबड्या असतात ना?"

"वडिलांचा धंदाच आहे, मॅडम."

"आणि पाकिटं राईतून थेट इथं यायची?"

मेहनाजच्या कानशिलांना झळ लागली. शनिवारी ती राईतून उतरायची, वेल्ह्यात एसटी धरायची, चेलाडी फाट्यावर बदलून भोरला घरी जायची. सोमवारी पुणे. म्हणजे प्रत्येक पाकीट दोन दिवस दीडशे कोंबड्यांच्या घरात राहिलं होतं. कपाटात, कुलपात, पण त्याच घरात.

"धूळ," मॅडम म्हणाल्या. "घरभर कोंबड्यांची धूळ. आपण राईतले कोंबडे मोजलेच नाहीत. तुझ्या वडिलांच्या कोंबड्या मोजल्यात."

शेजारच्या टेबलावरची मुलं बघत नसल्याचं दाखवत बघत होती. कुणीतरी त्याच दुपारी तिच्या खुर्चीला चिकन बिर्याणीच्या दुकानाचं पत्रक चिकटवलं. ती हसली, कारण हसणं भाग होतं. दोन वर्षांचं काम वडिलांच्या पिंजऱ्यांतून उडालेल्या धुळीत गेलं होतं.

तीन आठवडे तिने तेच आकडे पुन्हापुन्हा काढले. चूक आपली आहे एवढं तिला पटलं होतं. फक्त ती किती झाली ते नेमकं मोजायचं होतं. आणि मोजताना ती अडली.

धूळ असती तर ती सगळीकडे सारखी बसली असती. इथे तसं नव्हतं. गावठी अंश गुणसूत्रांवर अखंड, लांब तुकड्यांनी बसलेला होता. असे तुकडे धुळीतून येत नाहीत, बापाकडून किंवा आईकडून येतात. दर पिढीला ते कापले जातात, तोकडे होत जातात. हे अजून लांब होते. म्हणजे मिसळण फार जुनी नव्हती; हिशेबाने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सुरू झाली होती आणि अजून चालू होती.

मग तिने दुसरी गोष्ट तपासली. पेशीत एक छोटा वेगळा डीएनए असतो, तो फक्त आईकडून पिलाकडे येतो. घरच्या पिंजऱ्यांत कोंबडे कमी, कोंबड्याच जास्त. तिथली धूळ असती तर त्या कोंबड्यांचा हा डीएनए पिसांवर ढिगाने दिसायला हवा होता.

सव्वीस पिसं तपासली. सव्वीसही रानटी आया. गावठी आईचा एकही धागा नाही.

मेहनाजने तक्ता पुन्हा वरून खाली वाचला. तिची चूक झालेली नव्हती. धूळ नव्हतीच. पाखरं खरोखरच मिसळलेली होती. आणि गावठी जे काही होतं ते सगळं बापांकडून आलं होतं. गावापासून दीड कोसांवरच्या त्या रानात वीसएक वर्षं कोंबडे जात होते, नुसते कोंबडे. कोंबडी एकही नाही. हे आपोआप कसं घडेल?

ती भोरला गेली तेव्हा मुबारकभाई पिंजऱ्यांत दाणे टाकत होते.

"अब्बा, वेल्ह्याकडं तुमचा माल जातो ना?"

"जत्रेला जातो. जननीच्या. चाळीस-पन्नास. नवसाचे वरनं वेगळे. बसलीस का न्हाई अजून? चेहरा बघ कसा झालाय."

"कोंबड्या किती त्यात?"

"देवीला कोंबडी कोण देतंय! कोंबडेच. तांबडे, तुरेदार. पाय सरळ पाहिजेत, पीस मोडलेलं चालत नाही. तुझे चिमाजीराव एकेक हातात घेऊन बघतात. मागं एक जरासा लंगडा होता तर परत पाठवला मला."

मेहनाजचा हात पिंजऱ्याच्या जाळीवर थांबला. "कापायचाच तर लंगडा का नाही चालत?"

मुबारकभाई हसले. "कापतंय कोण? बावीस वर्षं झाली, त्या राईत सुरी लागली नाही. चिमाजीरावांनीच बंद केलं. सोडतात आता. देवीच्या नावानं राईत सोडून द्यायचे, मागं वळून बघायचं नाही."

"आणि मग?"

"मग काय? दोन दिवसांत मुंगूस-रानमांजर उरकतं. पण आपल्या हातनं तर जीव गेला नाही ना. चांगलंच आहे की." त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि दाण्याचं मापटं खाली ठेवलं. "काय झालं बेटा?"

तिने वडिलांच्या पिंजऱ्यातली आठ पिसं ताडण्यासाठी आधीच तपासून घेतली होती. राईतल्या पाखरांचा तांबडा भाग जगातल्या कुठल्या कोंबड्यांशी सगळ्यांत जास्त जुळतो, हा प्रश्न तिने यंत्राला विचारला नव्हता, कारण धूळ नाही हे कळल्यावर तो विचारण्यासारखा वाटला नव्हता. तिने तिथेच पायरीवर बसून लॅपटॉप उघडला. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं. तिच्या समोरच्याच पिंजऱ्यातले कोंबडे.

आणि तिला वही आठवली. देवळामागच्या उंबराखाली चार वेळा तिने तांबडा कोंबडा बघितला होता. चारही वेळा नियम चार वाचून पान उलटलं होतं. जत्रा चैत्रात. तिची मोजणी फेब्रुवारीत संपलेली. जत्रा तिने कधी पाहिलीच नव्हती.

"मी पण येतो," मुबारकभाई म्हणाले. "एकटी जाऊन म्हाताऱ्याला हे सांगू नको. माल माझा होता."

मुबारकभाईंच्या टेम्पोत रिकामे पिंजरे मागे खडखडत होते. टेम्पो चिमाजीबाबांच्या अंगणात शिरला तसे ते ओसरीवरून उठले. "आवं मुबारकभाई! जत्रा अजून पंधरा दिस हाय. आत्ताच कोंबडं घिऊन आलासा व्हय?" मग मेहनाज उतरलेली बघून त्यांचा चेहरा फुलला. "पोरी, निकाल आला का? साळू, दूध घाल गं चहात!"

ओसरीवर शेजारचा गेनबा बसला होता. जत्रेच्या वर्गणीच्या कामाला आला होता. मेहनाजने कागद उलगडला. तिला वाटलं होतं आपण हळूहळू, समजावून सांगू. पण कागदावरच्या सतरा पट्ट्या बघून चिमाजीबाबांनीच बोट ठेवलं. "ह्यो तांबडा रंग कशाचा?"

"गावठी अंश, बाबा."

"कुणात?"

"सगळ्यांत."

साळूबाई कपबश्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्या तिथेच थांबल्या.

मेहनाजने सांगितलं. आया सगळ्या रानातल्या. बाप गावठी, आजे गावठी. वीस-पंचवीस वर्षांचं मिसळणं. जत्रेला सोडलेले सगळेच मुंगसानं खाल्ले नाहीत. वर्षाला चार-दोन जरी टिकले तरी बावीस वर्षांत पुरले. "आणि तुम्ही निवडून दिलेले होते, बाबा. धडधाकट."

"पर म्या तुला तवाच..." ते थांबले. "तू इचारलंवतंस. गावातल्या कोंबड्या जात्यात का म्हून."

"हो."

"त्या गावातल्या न्हाईत गं. सोडल्या की देवीच्या. देवीचं कोंबडं मोजायचं माझ्या मनातच आलं न्हाई."

"माझ्या पण नाही आलं," मेहनाज म्हणाली. "मी तर समोर बघून मोजले नाहीत."

गेनबाने मांडीवर थाप मारली. "म्हंजी बाबा, पस्तीस वर्षं तुमी राईत आमच्याच कोंबड्या राखल्या म्हना की! आता अंडी बाजारात न्यायला हरकत न्हाई."

"गप ए गेनबा," साळूबाई म्हणाल्या.

"न्हाई, मी इचारतो. बावीस सालामागं ह्यांनीच देवीला कौल लावला. कापू नका म्हनाले, आमी ऐकलं. आता सोडू नका म्हननार. मग देवीला द्यायचं तरी काय?"

चिमाजीबाबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. ते कागदाकडे बघत होते. "नववा कोन?"

मेहनाजने नऊ क्रमांकाच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"गडग्यावरचा?"

"हो. पाटील. एकतीस टक्के."

त्यांनी कागद खाली ठेवला. उंबऱ्याला हात लावून उठले, दोन पावलं अंगणात गेले आणि परत आले. मेहनाजला वाटलं आता ते रागावतील, किंवा रडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं. त्यांनी साळूबाईंना विचारलं, "मला येल्ह्याच्या दवाखान्यात कदी नेलंवतंस गं? कानासाठी?"

"चार सालं झाली."

"डागतर काय म्हनला?"

"कान बरं हायेत म्हनला. तुमी भांडलासा त्याच्याशी."

"भांडलो," चिमाजीबाबा म्हणाले. आता ते मेहनाजकडे वळले. "पोरी, रानकोंबडा कसा आरवतो? कुक्, काया-काया, कुक्. शेवट तोडल्यावानी. आनि आपला गावठी शेवट लांबवतो. आठ-धा सालं झाली, मला राईत शेवट लांब ऐकू याचा. एकाचा, मग दोगांचा, मग लई जनांचा. म्या कुनाला बोललो न्हाई. म्हनलं कान गेलं. म्हातारपनात समदं सारखंच ऐकू येतंय." त्यांनी उजव्या कानाला हात लावला आणि तो तसाच धरून ठेवला. "माझं कान गेलं न्हवतं."

मुबारकभाई टेम्पोच्या चाव्या बोटात फिरवत होते. मग ते म्हणाले, "चिमाजीराव, या जत्रेला माझा टेम्पो यायचा नाही."

"दुसऱ्याचा यील," गेनबा म्हणाला, पण आता त्याच्याही आवाजात मघाचा जोर नव्हता.

"जत्रेचं माझं म्या बघतो," चिमाजीबाबा म्हणाले. "गावानं मारलं तर मारलं. पोरी, तू मला येकच सांग. सतरा पाखरं तू मोजलीस. राईत सतराच हायेत का?"

"नाही. जास्त आहेत. वरच्या कड्याखाली मला जाता आलं नव्हतं."

"मग एक तरी निखळ असंल का न्हाई?"

मेहनाजला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं माहीत नव्हतं. "सतरातला एकही नव्हता, बाबा. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही."

"माझा कान सांगंल?"

तिने विचार केला. आरवणं आणि गावठी अंश यांचा मेळ लागतो का हे कुणी या राईत मोजलं नव्हतं. तिच्या दोनशे बारा नोंदींत वेळ होती, दिशा होती, अंतर होतं. शेवट लांब की तुटका, हे तिने लिहिलं नव्हतं. "सांगेल की नाही, ते मोजून बघू," ती म्हणाली.

तिने पिशवीतून नवी पाकिटं, चिमटा आणि वनखात्याच्या परवान्याची प्रत काढली. परवान्यावर मदतनीस म्हणून चिमाजीबाबांचं नाव पहिल्यापासून होतं. पिसाला हात लावायचा नाही, एका पाकिटात एकच पीस, आणि पाकीट या घरात आणायचं नाही, हे तिने तीनदा सांगितलं. मग ती पुण्याला गेली.

जत्रेत काय झालं ते तिला साळूबाईंनी मोबाईलवर सांगितलं. चिमाजीबाबा राईच्या वाटेवर आडवे बसले. म्हणाले, सोडायचा तर मला ओलांडून जा. बायाबापड्या त्यांना काय काय बोलल्या. बावीस वर्षं ज्यांनी त्यांच्या शब्दावर कोंबडे सोडले होते, त्यांनीच त्यांना देवीचा वैरी म्हटलं. एकोणीस जण कोंबडे घेऊन परत गेले. सात जण ओलांडून गेले. ओलांडणाऱ्यांत गेनबा नव्हता. त्याचा कोंबडा काखेत धरून तो दिवसभर म्हाताऱ्याच्या शेजारी बसून होता, का ते त्यालाच ठाऊक.

वैशाखात चिमाजीबाबा स्वतः पुण्याला आले. वेल्ह्याहून स्वारगेट आणि तिथून रिक्षा. ते प्रयोगशाळेत पहिल्यांदाच येत होते. वहाणा बाहेर काढून ते आत आले आणि शेफालीमॅडमच्या टेबलावर पाच पाकिटं ओळीने मांडली. पन्नास पहाटा ते कड्याखाली बसले होते. आरवणारं पाखरू ऐकायचं, ते ज्या फांदीवर झोपतं ती हेरायची आणि उजाडल्यावर तिच्याखाली पीस शोधायचं. ज्याचा शेवट तुटका, त्याचंच पीस घ्यायचं. अशी पाच पाखरं त्यांना मिळाली होती.

"बाकी समदी लांबवत्यात," ते म्हणाले. "ही पाच जुन्या बोलीची."

पाचव्या पाकिटावर त्यांनी वाकड्या अक्षरात आणखी एक शब्द लिहिला होता : 'बाप'. मेहनाजने बघितलं तसे ते म्हणाले, "माझ्या बानं फासं लावलं तवा असाच आरवायचा. अगदी असाच."

शेफालीमॅडमनी पाकिटांवरचे शब्द झाकून त्यांना नवे क्रमांक दिले, म्हणजे मोजणाऱ्याला कळू नये. एक टक्क्याच्या आतलं ते शून्य, हा नियम तसाच ठेवला. यावेळी पिसं चिमाजीबाबांच्या घरी गेली नव्हती, भोरला गेली नव्हती, वडिलांच्या कोंबड्यांपासून साठ किलोमीटर लांब होती. अडीच महिन्यांनी, एका बुधवारी सकाळी, क्रमांक आणि पाकिटं पुन्हा जुळवली गेली. मेहनाजने भोरला वडिलांना आणि मग साळूबाईंच्या मोबाईलवर फोन लावला. पलीकडे चिमाजीबाबा होते. तिने तक्ता वरून खाली, एकेक ओळ वाचून दाखवली.

पाकीट पहिलं : आई रानटी, गावठी अंश तीन पूर्णांक आठ टक्के. दुसरं : आई रानटी, गावठी अंश दोन पूर्णांक नऊ. तिसरं : आई रानटी, गावठी अंश चार पूर्णांक चार. चौथं : आई रानटी, गावठी अंश तीन पूर्णांक एक. पाचवं : आई रानटी, गावठी अंश शून्य पूर्णांक सहा.